मिडलंडची हवा

३ सप्टेंबर
स्वरदाचा फोन. "आई, तू दिलेल्या पापडांना बुरशी आली गं." मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र चमकले. मिडलंडला बुरशी? पश्चिम टेक्सास — कोरडं पठार, वर्षाला जेमतेम चौदा-पंधरा इंच पाऊस, धूळ, आणि मैलोन्‌मैल जमिनीतून तेल उपसणारे पंप. जावयाला, सिद्धार्थला, तिथं नोकरी लागली तेव्हाच सगळं वाचून काढलं होतं. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, सवय जात नाही. बुरशी यायची तर आमच्या समुद्राजवळच्या दमट पेरुंगुडीत यावी.

५ सप्टेंबर
ह्यांना सांगितलं. "झाला असेल एखादा पाऊस," म्हणाले. मोबाइलवर पाहिलं. मिडलंडला आठवडाभर थेंब नाही.

९ सप्टेंबर
आज तिच्या मागे समुद्रपक्ष्यांचा कलकलाट. "टीव्ही आहे," म्हणाली. हल्ली व्हिडिओ कॉलही करत नाही.
मिडलंडपासून समुद्र सहा-सातशे किलोमीटर!

१२ सप्टेंबर
राहवलं नाही. सकाळी सिद्धार्थला फोन केला. "स्वरदा झोपलीय, आई." मी बोलून गेले — पापड, पक्षी, सगळं. "समुद्राकडे फिरायला गेला होतात का रे?"
तो अगदी आदबीनं म्हणाला, "आणखी काय म्हणाली ती?"
फोन ठेवला आणि तिचं जुनं बोलणं आठवलं.
जानेवारीत ती रडत म्हणाली होती, "हा चिडला की मला भीती वाटते." आणि मी? "तिथली हवाच रुक्ष, माणसं चिडखोर होतात. जुळवून घे जरा." सगळं हवेवर ढकललं मी. शिकलेली बाई.

१३ सप्टेंबर
तिला सरळच विचारलं, "कुठल्या गावात आहेस?"
आधी दार लावल्याचा आवाज. मग — "कॉर्पस क्रिस्टी. समुद्रकाठी. जूनपासून मैत्रिणीकडे राहतेय."
"मला का नाही सांगितलंस?"
"तू परत जा म्हणाली असतीस."
नाही म्हणता आलं नाही मला.
मग कालचं सांगितलं. सिद्धार्थशी काय काय बोलले ते. सांगावंच लागलं. "ठीक आहे, आई. समुद्रकाठी माझी एकच मैत्रीण आहे, हे त्याला ठाऊक आहे. आत्ताच निघते."
हे शेजारीच उभे होते. दुपारी जेवण कुणालाच गेलं नाही.

१४ सप्टेंबर
सकाळपासून सिद्धार्थचे चार फोन. एकही घेतला नाही. तिचा एकही नाही.

१५ सप्टेंबर
स्वरदाचा फोन आला. सुखरूप पोहोचली. आवाज थकलेला, पण तिचाच.
"आई, गावाचं नाव सांगू?"
"नको," म्हटलं.