टाकीला सीटबेल्ट

तीर्थस्वरूप श्रीरंगदादास,

उल्काचा नमस्कार. (मायना बाबांनी शिकवलेला, म्हणून मोडवत नाही. नाहीतर 'तीर्थ' लिहिताना हल्ली मला तुझ्या टाकीतलं पाणीच आठवतं.) इकडे मी आणि बाबा ठीक. तू आणि वहिनी खुशाल असालच. नव्या फरशीचा फोटो पाहिला, तीही खुशाल दिसते. फोनवर तू 'हां, बोल' म्हणतोस आणि लगेच दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागतोस, म्हणून पत्र. शिवाय बाबांचं मत असं, की भांडण पत्रातून करावं. मध्येच रडू आलं तरी समोरच्याला कळत नाही.

तुझा मेसेज मिळाला. घराचं काम संपलं, रविवारी गाडी पाठवतोस, माशांची टाकी तयार ठेवायची. आणि खाली: 'बाबा राहू देत, त्यांना तिकडे करमतंय.' आधी मासे आणि मग बाबा, हा क्रम घाईत झाला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मग बाबा आणि टाकी माझ्याकडे आर. के. पुरमला आली तो दिवस आठवला. पुढच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेली टाकी, तिला सीटबेल्ट. मागच्या सीटवर बाबा, मांडीवर माशांची बादली, त्यांना सीटबेल्ट नाही. गुरुग्रामपासून ते झाकण दाबून धरून बसले होते. उतरले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, आणि पहिलं वाक्य, "सगळे जिवंत आहेत." टाकीबरोबर तुझ्या सूचना होत्या: दिवा कधी लावायचा, झाडांना खत किती, खाणं चिमूटभरच. बाबांबरोबर त्यांची ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा नव्हती. (ती मी आणली. टोमणा नाही, माहिती.)

आता टाकी परत द्यायची तर तिच्यात काय आहे ते सांगून द्यायला हवी, लपवून दिली तर मला झोप लागणार नाही. दादा, तुझ्या टाकीत किडे झालेत. खालच्या खडीतून पांढऱ्या दोऱ्यासारखे वर येतात, कमरेपर्यंत बाहेर निघून डोलतात आणि दिवा लावला की आत पळतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटलं झाडांना मुळं फुटली. मी आनंदाने तुला फोटोही पाठवला होता, तू अंगठा पाठवलास. मग एक मूळ काचेवर चढलं.

त्यानंतरची माझी धावपळ तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगते. शेजारच्या चंद्रप्रभाताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर जंत! बच्चों के पेट में होते हैं वैसे." झालं. मी आधी जंताची गोळी घेतली, मग बाबांना दिली, आणि माशांना कशी देतात ते विचारायला मार्केटमधल्या दुकानात गेले. दुकानदाराने मला नवी खडी विकली. (जुन्या खडीचं काय करायचं या विचारात मी घरी आल्यावर पडले, त्याने नव्हतं सांगितलं.) मग नळीने खडी उपसायला बसले. नळीत पाणी यायला आधी तोंडाने ओढावं लागतं. तुझ्या टाकीची चव मला आता माहीत आहे. वहिनींना माहीत आहे का विचार. बादलीत आलेले किडे मोरीत ओतायला गेले, तर हात थांबला. तू वसतिगृहात राहून शाळेत जात होतास तेव्हा बाबांच्या बदल्यांपायी मी चौथीपर्यंत घरीच त्यांच्यापाशी शिकले, आणि पहिला धडा मुंगी ओलांडून जायचा होता. इतके जीव मोरीत कसे ओतू? शेवटी खालच्या बागेतल्या कुंडीत ओतले. माळी ओरडला. त्याचीही माफी मागितली.

इंटरनेटवर सगळे एकच सांगतात: हे किडे निरुपद्रवी असतात, खाणं जास्त पडून कुजलं की वाढतात, खाणं कमी करा. मी तर तुझ्या चिमटीपेक्षाही कमी घालत होते, तुझी चिमूट मोठी असेल या भीतीने. आणखी कमी केलं. मासे रोडावण्याऐवजी गुबगुबीत झाले. मग पुन्हा खडी उपसली, तेव्हा नळीतून भाताचं शीत आलं. त्याच्यामागून आणखी एक. वरणाचं पिवळं पाणी लागलेलं.

परवा ऑफिसातून दुपारीच घरी आले. बाबा टाकीशेजारी खुर्ची ओढून जेवायला बसले होते. ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुतीची पाच शितं उचलली, आणि एकेक मंत्र म्हणत टाकीत सोडली. मासे रांगेने येऊन उभे होते, पंगतीला बसल्यासारखे. मी किंचाळलेच. "बाबा, अहो किडे होतात त्याने!" तर शांतपणे म्हणाले, "शेवटचा मंत्र कुठला? सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः. त्यात किडे नाहीत असं कुठे म्हटलंय?" चौथीपर्यंतही आमचा वाद असाच संपायचा.

मग हळूहळू कळलं. तुमच्या काचेच्या टेबलावर शितं ठेवली की वहिनींना पुसावं लागायचं. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी. तू ऑफिसात जेवणार, वहिनी त्यांच्या वेळेला, मुलं टीव्हीसमोर. बाबा टाकीशेजारी बसायचे, कारण तिथे हालचाल असायची. मी विचारलं, तिकडेही किडे झाले होते का? म्हणाले, "झाले होते की. श्रीरंगाने पाहिले." मग दादा काय म्हणाला? बाबा ताक प्यायले, मग त्यांनी वाटी खाली ठेवली. "म्हणाला, घराचं काम काढायचंय."

फरशी छान झाली आहे, खरंच. आता टाकी परत गेली की तुझ्याकडे किडे होणार नाहीत, याची मला पूर्ण खात्री आहे. रात्री मी बाबांबरोबर जेवते, पण दुपारी मी ऑफिसात असते, तेव्हा त्यांच्या पंगतीला तुझे मासेच असतात. तेही रविवारी गाडीत बसणार. राग आवरून लिहिते आहे, कुठे आवरला गेला नसेल तर मोठ्या मनाने घे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
उल्का

ता. क. पत्राचं खरं काम राहिलंच. रविवारी गाडी पाठवू नकोस, तू ये. मेट्रो आहे, कॅब आहे, तुझी स्वतःची गाडी आहे. दुपारी जेवायच्या वेळेला ये. टाकीशेजारी दोन खुर्च्या मावतात, मी लावून पाहिल्या. टाकी न्यायची, बाबांना न्यायचं, की दोघांनाही राहू द्यायचं, ते त्यांच्याबरोबर जेवून झाल्यावर ठरव. आधी नको.

ता. क. २. पत्र बाबांना दाखवलं. (न दाखवता पाकिटात घालायची मला सवयच नाही.) चष्मा काढून म्हणाले, "अक्षर बिघडलंय तुझं. आणि किड्यांचं त्याला कशाला कळवतेस? उगाच काळजी करेल. खोड ते." मी खोडलेलं नाही. पण त्यांनी विचारलं तर तू किड्यांबद्दल काही वाचलेलं नाहीस.

ता. क. ३. बाबा विचारतायत, टाकी नेताना बादली धरायला तुझ्याबरोबर कुणी आहे का? नसेल तर ते गुरुग्रामपर्यंत येतील धरायला. परत मेट्रोने येतील म्हणतात, तुला सोडायला यावं लागणार नाही.