जाळीमागचा रिम्शा

पाएझेरे,
८ जानेवारी २०२४

ती. आजोबांस,
ग्विदासचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्हीच ठरवून टाकता, म्हणून हे पत्र. मी नॉर्वेहून परत आलोय, यावेळी कायमचा. (विल्मामावशीला ‘कायमचा’ सांगू नका, ती मागच्या तीन वेळा काढेल.) तिकडे मासे साफ करून हाताला असा वास लागला होता की बंदरातली मांजरं मला गावचा पाटील समजून मागे चालायची. ते असो.

तुमच्याच फ्लॅटमध्ये राहतोय. कामही मिळालं: आपल्या ‘स्तार्किस’ आइस हॉकी क्लबात बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. बैलगाडीपेक्षा हळू जातं, पण पोरं टाळ्या वाजवतात. आणि आता खरी बातमी. १७ फेब्रुवारीला क्लबाला साठ वर्षं पुरी होतात. अध्यक्षा ओडेटाबाईंनी क्लबाचा इतिहास लिहायला दिलाय कुणाला, तर मला! मी म्हटलं की बाई, मी निबंधात दोनदा नापास झालोय. त्या म्हणाल्या की रिम्शाचा नातू आहेस, तेवढं पुरे. समारंभात एक नंबरची जर्सी छताला टांगणार आहेत, पाठीवर तुमचं नाव शिवून. अडुसष्टचा जिल्हा चषक आणून देणारा गोलरक्षक लेओनार्दास रिम्शा!

तेव्हा आठवतं ते सगळं लिहा. एक बारीक शंका. चषकाच्या फोटोत तुम्ही तलवारबाजीचा जाळीचा मुखवटा घालून उभे आहात, आणि काठी उजव्या हातात. तुम्ही तर पावसुद्धा डाव्या हाताने कापता. फोटो उलटा छापला असेल म्हणून छातीवरचा क्लबाचा मासा पाहिला, तर तो सुलटाच.

तब्येतीला जपा, आणि लोभ घसरू देऊ नका.
आपला,
ग्विदास

---

क्लायपेडा,
१५ जानेवारी

चि. ग्विदास यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू आलास हे उत्तम. मावशीला काही बोललो नाही, तिनेच पाकिटावरचा शिक्का पाहून ओळखलं, आणि आता ती तुझ्यासाठी मोजे विणते आहे.

इतिहासात माझ्याबद्दल फार लिहू नकोस. क्लब पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या माणसांनी उभा केला. सरोवरावर फळ्या ठोकल्या, दुधाच्या कॅनांनी पाणी ओतून बर्फ जाड केला, ते लिही. जर्सी नको म्हणून सांग. हाताचं म्हणशील तर तरुणपणी माणूस कोणत्याही हाताने काहीही करतो. समुद्रावर वारा फार आहे.

तुझा आजोबा

---

पाएझेरे,
२० जानेवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

वाऱ्याचं कळलं. समुद्रावर वारा असतोच, त्यासाठी टपालखर्च कशाला?

मी फोटो झिग्मासआजोबांना दाखवला. झिग्मास उर्बेलिस, तुमच्याच बरोबरीचे. मैदानामागच्या खोलीत स्केटच्या पात्यांना धार लावतात. ऐंशी वर्षांचा माणूस, पण नखावर पातं टेकवून सांगतो की या पोराचा कोणता पाय आळशी आहे. माझ्या बुटांकडे पाहून म्हणाले की हे फार फिरलेत, पोचलेले कुठेच दिसत नाहीत. मला इतका राग आला की मी त्यांना धुरावलेला मासा नेऊन दिला. का, ते मलाही माहीत नाही.

तर फोटो. त्यांनी तो कितीतरी वेळ धरून ठेवला. मग म्हणाले की खाली नाव लिहिलंय ना, वाचता येत नाही का तुला? फोटो परत देताना मात्र सहज बोलून गेले की त्या दिवशी डाव्या बुटाचा पट्टा तुटला होता, सुतळीने बांधला होता. आजोबा, प्रेक्षकांत बसून हे कुणाला दिसतं?

मी त्यांना काही विचारलं नाही. तुम्हाला विचारतोय. जर्सी शिवायला दोन तारखेला जाणार, छपाईही त्याच दिवशी.

ग्विदास

---

क्लायपेडा,
२५ जानेवारी

चि. ग्विदास यास,
आशीर्वाद, तुला अजून हवे असतील तर.

मला बर्फावर कधी धड उभंसुद्धा राहता आलं नाही.

झिग्मासच्या घरच्यांना सोव्हिएत सरकारने सायबेरियात पाठवलं होतं. बासष्टमध्ये ते परतले. गावच्या नोंदणीत त्यांना घेईनात, म्हणून कारखान्याच्या पटावरही घेईनात. झिग्मास रोजावर लाकडं उतरवायचा. खेळायची मुभा फक्त पटावरच्यांना. आणि तो तर तिकडच्या नदीवर खेळून वाढलेला, चकती काय, उडती माशीही गोलात जाऊ द्यायचा नाही. आमच्या प्रशिक्षकाने तोड काढली: ओळखपत्र रिम्शाचं, पाय उर्बेलिसचे. मुखवटा त्याचसाठी होता. पुठ्ठ्याच्या यंत्रावरच्या जुन्या जाड लोकरी पट्ट्या कापून मी त्याला पायांची कवचं शिवून दिली. तेवढाच माझा हात त्या खेळाला लागला.

एक माणूस दोन ठिकाणी दिसून चालत नाही. म्हणून सामना असला की मी त्या पट्ट्यांच्या कोठारात दडून बसायचो. सरोवरावरून ओरडा यायचा, त्यावरून ताडायचो की मी गोल अडवला की खाल्ला. बाहेर पडलो की लोक खांद्यावर थापा मारायचे. पहिल्यांदा लाज वाटली. मग सवय झाली. मग आवडायला लागलं.

इथवर असतं तरी मी तुला हसत सांगितलं असतं. पण चषकानंतर कारखान्याने विजयी गोलरक्षकाला नव्या इमारतीत फ्लॅट दिला. तू राहतोस तोच. किल्ली मी घेतली. झिग्मास तेव्हा बायको आणि लहान मुलीसह बराकीत राहत होता. त्याने माझं अभिनंदन केलं.

एकाहत्तरमध्ये त्याचे कागद सुटले, तो पटावर आला. तेव्हा साहेबांना खरं सांगून घर त्याला देता आलं असतं. तुझी आई तेव्हा पोटात होती. मी गप्प राहिलो. रिम्शाचा गुडघा गेला असं जाहीर केलं आणि त्याच्या जागी उर्बेलिस उभा राहिला. ग्विदास, लोक म्हणायचे की खेळतो बरा, पण रिम्शाची सर नाही. मी ते ऐकलं, आणि तोही ऐकत होता. त्र्याऐंशीपर्यंत तो बराकीत राहिला. रस्त्यात रोज नमस्कार करायचा. माझ्या उंबऱ्यात एकदाही आला नाही, आणि मीही एकदाही बोलावलं नाही.

आता तुला जे लिहायचं ते लिही.

आजोबा

---

पाएझेरे,
३० जानेवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतका संतापलो की थेट बसथांब्यावर गेलो, पाठीवर पिशवी टाकून. मला दुसरं काही येतच नाही. बस आली, चालकाने विचारलं की कुठे, आणि मला गाव सुचेना. मग सरोवराला चक्कर मारून घरी आलो. घरी म्हणजे इथेच. कुठल्या खोलीत बसू कळेना, शेवटी जिन्यात बसून पाव खाल्ला.

तुम्ही पायांची कवचं शिवलीत, हे मात्र मी लिहिणार. ते खरं आहे.

बाकीचं मी ठरवणार नाही. झिग्मासआजोबांना मी सांगणार नाही, ते तुमच्या तोंडून यायला हवं. पण वर ‘रिम्शा’ लटकलंय आणि खाली ते माझ्या बुटांना धार लावताहेत, असं मला बघवणार नाही. दोन तारखेपर्यंत तुमचा एक शब्द आला तर तो शिवतो. नाही आला तर पाठ कोरी ठेवतो आणि ओडेटाबाईंच्या शिव्या खातो.

मोजे पाठवा. तुमच्यावर राग आहे, पण पाय गारठलेत.

आपलाच,
ग्विदास

---

क्लायपेडा,
१ फेब्रुवारी
(मावशीच्या फोनवरून संदेश)

उर्बेलिस शिव. सोळाला पोचतो. मोजे आणतो.

---

पाएझेरे,
१८ फेब्रुवारी, सकाळ

चि. ग्विदास यास अनेक आशीर्वाद.

तू झोपला आहेस आणि माझी सातची बस आहे. काल तू त्या यंत्रावर होतास, तुला नुसते माझे ओठ हलताना दिसले असतील, म्हणून लिहून ठेवतो.

सामन्याआधी मी त्याच्या खोलीत गेलो. चाक न थांबवता त्याने विचारलं की तुला कशाला लागली धार? मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, फ्लॅटचंही. तो म्हणाला की या खोलीत मी एकटाच आहे आणि मला ते माहीत आहे. टाळ्या जिथे खाल्ल्यास तिथे जाऊन सांग.

म्हणून मी माइक हातात घेतला. फ्लॅटपाशी आलो तेव्हा पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागलो. तेवढ्यात कारखान्यातली एक म्हातारी वरच्या बाकावरून ओरडली की रिम्शा, आटप लवकर, आम्हाला अडुसष्टपासून माहीत आहे, सामन्याला उशीर होतोय! सगळे हसले. ग्विदास, सारं गाव जाणून होतं. आधी त्याला अटक होऊ नये म्हणून गप्प राहिले, आणि पुढे माझी लाज राखावी म्हणून. मग त्याची जर्सी वर गेली. त्याने टोपी काढली आणि लगेच घातली, कान गारठले म्हणून.

नंतर मी त्याला विचारलं की मग तू कधीच का बोलला नाहीस? तो म्हणाला की गावाला माहीत असून काय उपयोग, मला एकाच माणसाकडून ऐकायचं होतं.

संध्याकाळी तू क्लबात असताना मी त्याला घरी बोलावलं. आला. तिसरा मजला, प्रत्येक वळणावर थांबत. मी म्हटलं की घर तुझं आहे, कागद करू. त्याने हात झटकला: या वयात तिसरा मजला कुणाला हवाय, शिक्षा देतोस काय! पण सगळ्या खोल्या मात्र पाहिल्या, बूट दाराशी काढून, पाव्हण्यासारखं हळूहळू. तुझ्या खोलीत थांबला. म्हणाला की आमची आल्दोना इथे झोपली असती, नाही का? मी म्हटलं की हो, पलंग खिडकीशी ठेवला असता तर सकाळचं ऊन मिळालं असतं तिला.

त्याने मान हलवली आणि तुझ्या पलंगावर बसला. मी चहा टाकायला गेलो. परत आलो तरी तो तसाच बसला होता, हाताने चादर सारखी करत.

मोजे खुर्चीवर आहेत. आशीर्वाद द्यायला आता तोंड उरलं आहे, तेव्हा ते घे.

तुझा,
लेओनार्दास आजोबा