पेटी कपाटात ठेवू नये

मी, शिवगंगव्वा, कै. चन्नवीरप्पा बेळवटगी यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार नरगुंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे आणि डोके पूर्ण ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा भीतीने लिहीत नाही. मी शाळेत गेले नाही. यजमान शाळेतल्या मुलींसाठी पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत गाणी लिहीत, त्यांवरून लिहायला-वाचायला शिकले. माझे अक्षर एवढे मोठे आहे ते त्यामुळे.

१. राहते घर आणि पोस्टातली ठेव माझी एकुलती मुलगी महादेवी हिला. मागच्या चिंचेवर शेजाऱ्यांना चढू द्यावे, ते आजवर चढत आले आहेत.

२. यजमानांची बाजाची पेटी. खरे तर हा कागद तिच्यासाठीच आहे.

यजमान इथल्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे गाणे शिकवत. शाळेचीही एक पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला, रजिस्टरला नोंद. मोडली तर मास्तर जबाबदार. म्हणून ती कुलपात राहिली, एकाही मुलीचा हात तिला लागला नाही आणि भाता उंदरांनी खाल्ला. यजमान घरची पेटी रोज सायकलला बांधून नेत.

त्यांचा स्वतःचा सूर काळी एक. मुलींचा काळी चार, म्हणजे पुष्कळ वर. साठ मुलींना ऐकू जावे म्हणून ते रोज तिथे चढून गायले. बाराव्या वर्षी आवाज फाटला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने बोलू नका. कचेरी म्हणाली, आवाजासाठी रजा बसत नाही. मग ते मुक्याने शिकवत, पेटीवर सूर द्यायचे आणि बोटाने वर-खाली दाखवायचे. मैफलीत ते पुन्हा बसले नाहीत. मी एकदा म्हटले, "आपल्याच सुरात शिकवलं असतं तर?"

"मग पोरींचे गळे बसले असते गं," ते म्हणाले.



आताचे हेडमास्तर हिरेगौडर दोनदा घरी येऊन गेले.

"अव्वा, पेटी शाळेला द्या. काचेच्या कपाटात ठेवू, खाली मास्तरांचं नाव, वर हार."

"आणि वाजवणार कोण?"

"वाजवली तर झिजेल की री!"

"झिजू दे की. मास्तर झिजले तेव्हा कुठं होतं तुमचं कपाट?"

ते चहा अर्धा टाकून गेले. माणूस वाईट नाही.

पेटी मी शरणम्मा हिला देते. ती त्याच शाळेत मानधनावर गाणे शिकवते, आणि पेटी नाही म्हणून मोबाईलवर सूर लावते. तिला सांगितले तर म्हणाली, "अव्वा, माझी नोकरी मार्चपर्यंतच. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही कोण जाणे."

"म्हणूनच तुझ्या नावानं. नोकरी त्यांची, पेटी तुझी. काढलं तर उचलून घेऊन जा."

पेटीवर शाळेचा नंबर घालू नये. मुलींना हात लावू द्यावा. मोडली तर मोडली, शरणम्माला कोणी जाब विचारू नये. पुठ्ठेही तिलाच.

३. भिंतीवरचे घड्याळ निवृत्त गणित मास्तर कल्लप्पा यांना. दर परीक्षेआधी ते म्हणायचे, "मास्तर, गाणं काय, कधीही होतं. तुमचा तास द्या." यजमान देत. घेतलेले तास परत मागत नाही. घड्याळ समोर टांगावे, एवढेच.

४. आमच्या रीतीप्रमाणे मला यजमानांच्या शेजारी पुरावे. ते वारले त्या दिवशी त्यांच्या मानासाठी शाळेला सुट्टी दिली. शुक्रवार होता. सहावीचा आठवड्यातला एकच गाण्याचा तास, तोही गेला. माझ्यासाठी शाळा सोडू नये. गाण्याचा तास असेल तर तो पुरा घ्यावा. दुःख म्हणून खालच्या सुरात गाऊ नये. काळी चारच धरावी.

मी लिहिलेले दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही : शिवगंगव्वा चन्नवीरप्पा बेळवटगी

साक्षीदार :
१. मल्लेशप्पा गुळेद, शिंपी
२. फकीरव्वा तळवार, अंगणवाडी सेविका

नरगुंद, ता. ९ जानेवारी २०१८