पडद्यापलीकडचं पाणी

प्रिय ढब्बू,

दोन मुलांच्या बापाला या नावानं हाक मारू नये हे कळतं मला, पण दुसरं नाव पेनातून उतरतच नाही. फोन मुद्दाम टाळला. आई घरातच असते आणि हल्ली तिचे कान फार तिखट झालेत. सगळं वाच, मगच मला फोन कर, तोही मी कामावर असताना.

आई बरी आहे असं मी तुला सांगत होते, ते तेव्हा खरंच वाटत होतं. बाबा गेल्यापासून ती जेवायची म्हणजे दोन घास चिवडायची. मग एकाएकी ती पोटभर जेवायला लागली, स्वतःशी गुणगुणायला लागली. म्हटलं, चला, सुटली एकदाची. आणि एका दुपारी मी जेवायला घरी आले, तर टेबलावर चहाचे दोन कप. एक रिकामा, दुसरा भरलेला, वर साय धरलेली. मी तो उचलायला गेले तर म्हणाली, “राहू दे, त्यांचा व्हायचाय अजून.” दूध उतू जातंय हे सांगावं इतक्या सहज. मी कप तसाच राहू दिला, कारण खोलीत बाबांचा वास होता.

तो वास तुला सांगायला नको. बूटपॉलिशसारखा, पण गोडसर. रंगाच्या कारखान्यातून आले की साबणानं कितीही घासलं तरी अंगाला राहायचाच. मी नाक धरून पळायचे आणि तू त्यांच्या शर्टात तोंड खुपसून बसायचास. पुढे त्यांचा विभाग बंद पडला, मग ते गेले, आणि वासही घरातून गेला.

मला वाटलं, मलाही भास व्हायला लागले. पण आठवडाभरानं तोच वास मला कामावर आला. तुला माझं काम ठाऊक आहे, बाबांच्याच कारखान्याचं सांडपाणी गोडं करायचं. समुद्र परवडला इतकं ते खारट. ते तापवून एका पातळ पडद्याच्या एका अंगानं सोडायचं, दुसऱ्या अंगाला थंड पाणी. पडद्यातून पाणी पाणी म्हणून जात नाही, वाफ होऊनच पलीकडे जातं आणि तिथे पुन्हा पाणी होतं. मीठ मागे राहतं. मीठ मोजायच्या मीटरचा काटा जवळजवळ शून्यावर. ते पाणी बॉयलरला जातं आणि एक नळ आमच्या वसाहतीत येतो, धुण्यापुसण्यापुरता. प्यायचं पाणी टँकरनं येतं.

त्या दिवशी तपासणीसाठी नमुन्याची बाटली उघडली आणि बाबा शेजारी येऊन उभे राहिल्यासारखं झालं. सहकारी म्हणाला, “मॅडम, चक्कर येतेय का?” मी म्हटलं झाकण लाव, आणि लगेच म्हटलं, थांब जरा. मग डोकं ताळ्यावर आलं. बाबांचा तो जुना विभाग पुन्हा सुरू झालाय आणि तिथलं पाणी माझ्या टाकीत यायला लागलंय. मीठ पडद्यामागे अडतं रे, पण जे उडून जाणारं असतं ते वाफेचा हात धरून पलीकडे येतं. मीटरला फक्त मीठ कळतं.

मी तशीच घरी धावले. आई प्यायच्या पाण्याची कळशी त्या नळाखाली भरत होती. उजेडात तिचे ओठ पाहिले, निळसर. बाबांचेही तसेच असायचे, आणि आपण सिगारेटला बोल लावायचो. मी ओरडले, हे विष आहे. ती दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, “माहितीये गं. पहिल्याच दिवशी कळलं, हे प्यायचं नाही. पण फरशी पुसली की ते येतात, आणि फरशी वाळली की जातात. प्यायलं म्हणजे थांबतात.”

डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात. रक्त सुधारेल, भासही जातील. तो नळ मी स्वतः बंद केला, त्या विभागाचं पाणी घ्यायचं नाही असं लिहून दिलं, वरच्यांची बोलणीही खाल्ली. आई मला रागावली नाही. रोज दुपारी त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसते. काल एवढंच म्हणाली, “बाहेर ठेवलंस त्यांना.”

तिला इथून हलवायलाच हवं. रविवारी तिला तुझ्याकडच्या गाडीत बसवतेय, आणि पत्र तिच्याआधी पोचावं म्हणून आजच टाकतेय. काल ती शेजारी गेली होती तेव्हा मी तिची बॅग भरायला घेतली. तिच्या कपड्यांच्या घडीत एक स्टीलची बाटली निघाली, झाकणाला चिकटपट्टीचे वेढे. मी ती बेसिनपाशी नेली, पट्टी सोडवली, झाकण सैल केलं, आणि तोच वास आला. तेवढ्यात मागच्या खोलीत कुणीतरी खाकरलं. घरात मी एकटी होते. मी झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि बाटली होती तिथे ठेवून दिली. माझ्याच्यानं होणार नाही रे ते. ती अंघोळीला गेली की तू बाटली काढ. घरात उघडू नकोस. लांब मोकळ्यावर ने, जिथे विहीर नाही, मुलं खेळत नाहीत, आणि श्वास रोखून ओत. मागून कुणी खाकरलं, तरी हात थांबवू नकोस.

तुझीच,
ताई