आईचं घसरवळण

३ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

पोटभर आशीर्वाद. सूनबाईलाही त्यातले अर्धे दे.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगते, म्हणजे तिखटमीठ कमी लागेल. तू माळ्यावर टाकून गेलेली जाड टायरांची डोंगरी सायकल मी खाली काढली आहे. आपलं शिवणाचं दुकान टेकडीच्या माथ्यावर आणि गिऱ्हाइकं सगळी पायथ्याशी, हे काही तुला नव्याने सांगायला नको. तयार कपडे पोचवायला चालत उतरले की माझे गुडघे बोलायला लागतात. सायकलवर ते गप्प बसतात.

खालच्या रस्त्याला चार वळणं, आणि चारींवर बारीक खडी. वळण आलं की मी उतरायचे, सायकल हाताने ढकलत न्यायची, पुन्हा चढायचे. शेजारच्या कवायतबाई गच्चीतून हे बघायच्या. तुला शाळेत उड्या मारायला लावायच्या, त्याच. निवृत्त झाल्या, पण शिट्टी अजून गळ्यात असते. एक दिवस त्यांना राहवलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की वळणावर मागचं चाक मुद्दाम थोडं घसरू द्यायचं आणि त्याच्या कलाने आपण वळून निघायचं. सायकलवाले ह्याला ड्रिफ्ट म्हणतात, बाई घसरवळण म्हणतात. तर मी सध्या ते शिकते आहे.

रागावू नकोस. रागावलास तरी दोन वेळा नीट जेव.

तुझी आई

९ फेब्रुवारी

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा खाली बसून वाचलं.

आई, तुझं वय एकसष्ट आहे. मी बसच्या आगारात ब्रेक तपासतो. चाक घसरू नये एवढ्याचसाठी मला तिथे ठेवलंय. एकोणीस वर्षांत मी सही केलेल्या एकाही गाडीला अपघात झालेला नाही, आणि माझी सख्खी आई खडीवर चाक मुद्दाम घसरवते! हे आगारात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कवायतबाईंनी शाळेत माझी हाडं खिळखिळी केली ती कमी होती म्हणून आता तुझ्यामागे लागल्या का?

बाबा गेल्यापासून सांगतोय, इकडे राहायला ये. खिडकीजवळची जागा मी मोजून ठेवली आहे. तुझं मशीन तिथे बरोबर बसतं, वर चार बोटं उरतात. तू दर वेळी हसण्यावारी नेतेस. मी अडवलं म्हणून तू थांबणार नाहीस, तुझा हट्ट मला ठाऊक आहे. म्हणून अट घालतो. ज्या दिवशी पडशील त्या दिवशी दुकान बंद करायचं आणि निमूटपणे आमच्याकडे राहायला यायचं. कबूल असेल तर लिही.

काळजीने अर्धा झालेला,
बाळ्या

१४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

आशीर्वाद, आणि अर्धा झाल्याबद्दल अभिनंदन. डॉक्टर तुला केव्हापासून तेच सांगत होते.

अट कबूल. पण ती दोघांना लागू. तू ह्या सायकलवरून पडलास, तर तू निमूटपणे माझ्याकडे राहायला यायचं. आणि आजपासूनचं पडणं धरायचं. आतापर्यंतचं सोडून द्यायचं, ते शाळेच्या मागच्या मैदानात झालं आणि फार काही नव्हतं.

आता शिकण्याचं सांगते. पहिले आठ दिवस मला काही केल्या जमेना. बाई शिट्टी फुंकायच्या, बाहेरचा पाय खाली म्हणायच्या, नजर वळणाच्या पलीकडे म्हणायच्या, आणि माझी नजर मेली नेमकी खडीवर. मग एकदा कॉलर शिवताना माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉलरच्या टोकाला आपण काय करतो? सुई कापडात रोवून ठेवतो, दाबपट्टी उचलतो आणि कापड फिरवतो. ओढाताण केली की टोक बिघडलं. म्हणजे पुढचं चाक ही सुई आणि मागचं चाक हे कापड! दुसऱ्या दिवशी मी वळणात शिरले, सायकल आत झुकवली, मागचा ब्रेक बोटाच्या टोकाने नुसता शिवला, आणि मागचं चाक खर्रकन फिरून आलं. मी उभीच्या उभी वळणाबाहेर. कवायतबाईंच्या तोंडातून शिट्टी पडली. मी इतकी हसले की पुढचं वळण चालत घ्यावं लागलं.

तू खिडकीजवळची जागा मोजलीस, मला भरून आलं. पण खरं सांगू? तुझ्याकडे आले की मी तुझी आई म्हणून राहीन, आणि तू माझं सगळं करशील. इथे मात्र मी शिंपीण आहे. लोक माझी वाट बघतात. हे मला सोडायचं नाही. म्हणून मी पडणार नाही.

तोल सांभाळून असलेली,
तुझी आई

२० फेब्रुवारी

ती. सासूबाईंना,

नमस्कार. हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे, वाचून फाडून टाका.

हे रविवारी तुमच्याकडे येत आहेत. सहज येतोय असं सांगतील. सहज येणाऱ्या माणसाच्या पिशवीत दोन कपडे आणि सात पाने, एक पक्कड नि तेलाची डबी असत नाही. काय करणार आहेत ते विचारलं तर म्हणाले की आईला काही कळणार नाही. एरवी झोपेत पाय झाडतात, हल्ली ब्रेक दाबतात. जपून राहा.

मला तुमचं वळण बघायचं आहे. हे मात्र ह्यांना सांगू नका.

तुमची,
सूनबाई

२ मार्च

चि. बाळ्यास,

आशीर्वाद. अक्षर कवायतबाईंचं आहे, मजकूर माझा. त्या स्वतःचं काही घालणार नाहीत असं कबूल करून बसल्या आहेत.

मी पडले. काल, तिसऱ्या वळणावर. उजवं मनगट मोडलं आहे, दीड महिना प्लास्टर. बाकी मी धडधाकट आहे. कुंपणाच्या झुडपाने झेललं. गायनमंडळाचे सहा झगे होते पाठीवर, त्यांना डागसुद्धा नाही.

कसं झालं ते विचारू नकोस. वय झालं, हात चुकला, एवढंच. अट ती अट. दुकानावर पाटी लावायला सांगितली आहे. उरलेलं काम खालच्या शिंप्याला देते. तो काजं वाकडी करतो, पण गिऱ्हाइकांना सवय होईल. खिडकीजवळची जागा मोकळी ठेव. वर चार बोटं उरतात म्हणालास, तिथे माझा बटणांचा डबा बसेल.

तू नाराज होऊ नकोस. तुझी काही चूक नाही.

तुझी आई

२ मार्च

बाळ्या,

आशीर्वाद नाहीत. आधी पत्र वाच.

आईच्या पत्रात मी काही घातलेलं नाही, शब्द दिला होता. हे पत्र वेगळं आहे, पाकीट वेगळं आहे, तिकीटही माझंच आहे.

सोबत एक पुठ्ठ्याची चिठ्ठी पाठवते. ती आईच्या सायकलच्या सीटखाली तारेने बांधलेली होती. त्यावर लिहिलंय: “तपासले. योग्य.” खाली तारीख गेल्या रविवारची आणि सही तुझी. मुला, चोर पाऊलखुणा ठेवून जातो म्हणतात, तू तर पावतीच ठेवून गेलास!

तू आलास त्या पहाटे आई चहा ठेवत होती आणि तू परसात ब्रेक आवळत होतास. बसचा ब्रेक आवळतात तसा. आई वळणावर बोटाच्या टोकाने ब्रेक शिवते, हे तिने तुला लिहिलं होतं. अवकाळी पावसामुळे आठवडाभर ती बाहेर पडली नाही. काल पहिल्यांदाच निघाली, नेहमीसारखं बोट लावलं आणि चाक जागच्या जागी जाम. मी शिट्टी वाजवत धावले, वरच्या गल्लीतली चार माणसं धावली. ती पडली नाही, तू पाडलीस.

चिठ्ठी तिला कालच सापडली. तिने ती बटणांच्या डब्यात तळाशी लपवली. मी हिसकावून घेतली तेव्हा रडली. मनगट मोडलं तेव्हा रडली नव्हती. म्हणाली की पोराची एकोणीस वर्षं स्वच्छ आहेत, त्यावर आईच्या मनगटाचा डाग नको. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यापायी ती दुकान सोडायला निघाली आहे.

मी हे तिला न विचारता पाठवते आहे. शाळेत लाकडी घोड्यावरून उडी मारताना तू डोळे मिटायचास. आता उघड.

कवायतबाई

७ मार्च

ती. आईस,

डोकं तुझ्या पायावर.

चिठ्ठी मिळाली. आगारात सगळ्यांसमोर पाकीट फोडलं होतं, त्यामुळे लपवायचा प्रश्नच उरला नाही. हसावं की रडावं कळेना. आधी बाकीचे हसले, मग मी रडलो.

आमच्याकडे पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात. तपासनीसाने गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय सही करायची नाही. एकोणीस वर्षं मी तो पाळला. तुझी सायकल मात्र मी चालवून पाहिली नाही. का, ते सांगतो. मला त्या उताराची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. म्हणूनच ती सायकल माळ्यावर गेली. मला वेळ नाही म्हणून ती धूळ खात होती असं तुला वाटत असेल, ती माझ्या भीतीमुळे खात होती.

आणि मला तुझ्या पडण्याची भीती नव्हती. तू पडशील आणि जवळ कुणी नसेल, ह्याची होती. पण तू पडलीस तेव्हा बाई शिट्टी वाजवत धावल्या, वरच्या गल्लीतली चार माणसं धावली. आमच्या इमारतीत तू पडलीस तर मी आगारात असेन आणि शेजारचे दाराच्या छिद्रातून बघतील. हे मी मोजलंच नव्हतं. जागा तेवढी मोजली.

आगाराच्या वहीत मी नोंद केली आहे. सायकल एक, अपघात एक, दोष तपासनीसाचा. साहेब म्हणाले की सायकल आपल्याकडे येत नाही, खोडून टाक. मी नाही खोडली.

तुझं पडणं धरायचं नाही. पाटी काढ. मी बारा तारखेला येतो, ब्रेक सैल करतो, आणि ह्या वेळी चालवून बघतो.

तुझ्या मनगटाचा अपराधी,
बाळ्या

१४ मार्च

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. अक्षर डाव्या हाताचं आहे, लागेल तसं लावून घे.

तुझा नवरा सुखरूप आहे. हे आधी सांगितलं, आता बाकीचं वाच.

परवा आला तो थेट परसात गेला. ब्रेक सैल केले, बोटाच्या टोकाने दहा वेळा दाबून पाहिले. मग माझं हेल्मेट घातलं, ते त्याला डोक्यावर टोपीसारखं बसलं. मी आणि कवायतबाई तिसऱ्या वळणावर जाऊन उभ्या राहिलो. पहिलं वळण त्याने चालत घेतलं. दुसरं पाय टेकत. तिसऱ्याला मी ओरडले की सुई रोव आणि कापड सोड! उभ्या जन्मात त्याने माझं इतकं पटकन ऐकलं नव्हतं. बाहेरचा पाय खाली, सायकल आत, चाक खर्रकन फिरलं. बाळ्या लहान असताना जसा ओरडायचा तसा ओरडला. मला काय झालं सांगू, माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि तेवढ्यात मेल्याने आनंदाने डोळे मिटले.

माझ्याच झुडपात पडला. माझ्याच खड्ड्यात. गुडघा खरचटला आहे आणि पँट फाटली आहे. पँट मी शिवीन, पण दीड हाताने वेळ लागेल.

आता अट. ती दोघांना लागू होती, माझ्या पत्रात लिहिलेली आहे, ते पत्र त्याच्याच पिशवीत निघालं, बाईंनी वाचून दाखवलं. तो पडला, म्हणजे तो माझ्याकडे राहायला आला. माझं प्लास्टर निघेपर्यंत त्याने रजा घेतली आहे. सकाळी इस्त्री धरतो, दुपारी कपडे खाली पोचवतो. उतरताना अजून ब्रेक फार दाबतो, पण डोळे उघडे ठेवतो. दुकानावरची पाटी त्यानेच काढली.

तूही सुटी काढून ये. तुला वळण बघायचं होतं ना, आता ते मला शिकवता येतं. तुझ्या मापाचं हेल्मेट बाईंनी शोधून ठेवलं आहे. येताना ह्याची ती चिठ्ठ्यांची गड्डी घेऊन ये, तपासनीसाच्या शर्टाला एक बांधायची आहे. सही मी करणार आहे, चालवून पाहिलं आहे.

पडल्यावरही लोभ तसाच असणारी,
तुझी सासू