तलावापलीकडचं लाल लुगडं

१८ जून
हात टेकले बाबा ह्या माणसासमोर! आमची दिव्या बारावीत त्र्याऐंशी टक्क्यांनी पास झाली. ब्रह्मपुरीले बीएस्सीचा फॉर्म भरायचा, शेवटची तारीख ३०. आणि तिचा बाप सही करत नाई. "धरती गोल आहे म्हणून शिकवतात. खोटं शिकाले पोरीले कायले धाडू?" मोबाइलवर कोणतातरी व्हिडिओ पाह्यला, तवापासून हेच चालू आहे. म्हणतात, "तीस वर्सं ह्या तलावात डोंगा चालवून राह्यलो. पाणी कुठी वाकलेलं पाह्यलं नाई मी."
वरून म्हणतात, दिवाळीनंतर पोरीचं लगन उरकून टाकू.

१९ जून
जेवताना दोघं बापलेक ताटातल्या भातावर बोटानं तलाव काढून भांडत होते. "बाबा, दूरचा डोंगा आधी खालून लपते." — "लपत नाई, बारीक होते." मी मधात बोलले तर मलेच, "तू चूप राह्य, दहावी पास!"
दहावी पास तर आहे! तुमी सातवीतूनच जाळं धरलं.

२१ जून
पैज लागली. दिव्यानंच काढली. पाच किलोमीटरवर, पलीकडच्या काठाले, पाण्यात दोन बांबू रोवून माझं लाल लुगडं आडवं ताणायचं, पाण्यापासून हातभरच उंच. इकडून आमी जमिनीले गाल टेकवून पाहाचं. पाणी सपाट असन तर लुगडं दिसन. गोल असन तर पाण्याआड लपन. लपलं तर सही, दिसलं तर लगन.
म्हटलं, पोरी, कायले अशी पैज? "पुस्तक खोटं नाई आई," म्हणे.


२४ जून
दिव्या अंधारातच सायकलनं निंगाली. पलीकडं टॉवर भेटत नाई, म्हणून ठरवलं होतं — बरोबर सहा वाजता पाहाचं. आमी दोघंही चिखलात पालथे! बदकं हसली असतील.
मले लुगडं दिसलं नाई. कुठीच नाई! मी उठून टाळ्या वाजवल्या. "गोल आहे! करा सही!"
हे म्हणाले, "मले दिसलं. लाल पट्टा, एकदम साफ."
पुन्हा पाह्यलं. काईच नाई. "कुठी दिसून राह्यलं? दाखवा बोट!" हे उठून चालाले लागले.

२४ जून, दुपार
दिव्या आली. लुगडं ओलं, काखेत. सहाले पाच मिनिटं असतानाच वाऱ्यानं गाठ सुटली, लुगडं पाण्यात बुडालं. सहा वाजता बांबूवर लुगडं नव्हतंच!
मंग मी टाळ्या कायच्या वाजवल्या? शरम वाटली. पण हे — ह्यांनी नसलेलं लुगडं पाह्यलं! पोरीचं नशीब बुडवाले इतकं खोटं बोलते का बाप?

२५ जून
ह्यांना तोंडावर इचारलं.  दिव्या म्हणाली, पुन्हा लावू, पक्क्या गाठीनं. "नाई. एक डाव झाला." म्हणत हे जाळं घेऊन बसले. 
अशा माणसाच्या घरात वीस वर्सं भात रांधला मी.

२८ जून
 पोरगी जेवत नाई. फॉर्म फडताळात पडला आहे. आता काई होत नाई.

३० जून
सकाळी ह्यांनीच चंचीतून एक कागद काढून माझ्या हाती देला. नागभीडच्या डोळ्याच्या शिबिरातला, एप्रिलचा. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाई. "त्या दिवशी मले पलीकडचा काठच दिसला नाई," म्हणाले. "नाई दिसत म्हटलं असतं, तर काठ तरी दिसते का, हेही तुमी इचारलं असतं." मंग फॉर्म मागितला. सहीच्या जागेवर त्यांचं बोट मले नेऊन ठेवा लागलं. "जा, माय," म्हणाले दिव्याले.
दिव्यानं सही पाह्यली. "आता डोंगा कोण चालवन?" म्हणे. फॉर्म परत फडताळात ठेवला आणि जाळं उचलून तलावावर गेली.