आपल्या दोघांचीच बोली

व्हिटबी,
११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळलं असेल. न उघडता ठेवून देशील अशी भीती होती, म्हणून मृणालिनी वहिनीला आधीच मेसेज करून ठेवला की हे त्याच्या हातातच द्या. फोन करायचा धीर झाला नाही. व्हिटबीहून किचनरला पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतात म्हणे. गाडीनं दोन तास. 

आधी इकडचं सांगते. स्वानंद बरा आहे, काल विंटर टायर्स लावून आला. जाई सतरा वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आता आम्हा मायलेकींना त्यात काही वाटेनासं झालंय. या उन्हाळ्यापासून मी दर शनिवारी दुपारी इथल्या एका केअर होममध्ये व्हॉलंटियर म्हणून जाते. चहा द्यायचा, कुणाची खुर्ची खिडकीपाशी सरकवायची, एवढंच काम. तिथे एक आजी आहेत, नूरैनी नावाच्या. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्रजी पार गेलं. मुलगी कामासाठी अल्बर्टाला असते. त्या काहीतरी बोलत राहायच्या आणि कुणालाच कळायचं नाही. स्टाफमधल्या फिलिपिनो मुलींनी ऐकून पाहिलं, त्या म्हणाल्या, ही आमची भाषा नाही. मग सगळ्यांनी ते बरळणंच आहे असं धरून टाकलं.

एका शनिवारी मी त्यांच्यापुढे ज्यूस ठेवला. त्यांनी ग्लास ढकलला आणि म्हणाल्या, ‘बोहे.’ मी पुन्हा ठेवला. ‘बोहे, बोहे!’ आणि दादा, माझे पाय आपोआप नळाकडे वळले. पाणी घेऊन परत येईपर्यंत मला कळलंही नव्हतं की मला काहीतरी कळलंय.

चाळीस वर्षं झाली असतील. सेम्पोर्ना आठवतं ना? बाबांची मलेशियात, सबाहमधली ती सरकारी दवाखान्याची नोकरी. तू आठ वर्षांचा, मी पाच. क्वार्टरच्या मागे समुद्रात खांबांवर उभी असलेली घरं, आणि कपडे धुवायला येणारी रुकिया. शाळा सुटली की आपण तिच्याकडेच. लोक रुकियाच्या माणसांना बाजाऊ म्हणायचे, ते स्वतःला समा म्हणायचे. तिच्या मुलांमध्ये राहून आपण त्यांची बोली कधी बोलायला लागलो, आईबाबांनाही कळलं नाही. बाबा नकाशा काढून दाखवायचे: वर फिलिपिन्स, हा मलेशिया, खाली इंडोनेशिया, आणि या सगळ्या बेटांवर हीच बोली बोलतात. तू विचारलं होतंस, मग यांचा देश कुठला? बाबांनी नकाशा घडी करून ठेवून दिला होता.

आईला मात्र त्यातला एकच शब्द आला, ‘दाइंग’, म्हणजे मासा. तोही नाइलाजानं. रुकिया प्रेमानं मासे घेऊन यायची आणि आपली नागपूरची शाकाहारी आई पायरीवर उभी राहून हात हलवायची, ‘दाइंग नाही, दाइंग नाही!’ रुकियाला वाटायचं, बिचारीकडे मासे नाहीत. दुसऱ्या दिवशी ती त्याहून मोठा मासा आणायची. तू हसून हसून जमिनीवर लोळायचास. आणि कुकरची शिट्टी? रुकियाच्या घरी खेळायला नेली आणि फळ्यांच्या फटीतून समुद्रात पडली. दोन महिने आईनं वरण पातेल्यात शिजवलं. शिट्टी गेली कुठे म्हणून ती आपल्या समोर बसून विचारायची आणि आपण तिच्यादेखत समा बोलीत ठरवायचो, काय थाप मारायची ते.

नागपूरला परत आल्यावर तू सातवीत असताना एकदा म्हणालास, ‘यामे, ही बोली आता पुरे, पोरं हसतात.’ मला किती राग आला होता. पण बोलणार कुणाशी? घरात दुसरं कुणी नव्हतंच.

नूरैनी आजी सितांकायच्या. सेम्पोर्नाच्या समोरच्याच समुद्रातलं बेट, पण देश फिलिपिन्स. लहानपणी आईबरोबर होडीतून सेम्पोर्नाच्या बाजारात यायच्या. मावशी या बाजूला, सासर त्या बाजूला. मी बॉर्डरबद्दल हातवारे करून विचारलं, तर त्यांनी पाण्यावरून हात फिरवावा तसा हवेत फिरवला. आता दर शनिवारी त्या बोलतात आणि मी एकेक शब्द गोळा करते. गंमत म्हणजे मला त्या बोलीत पाच-सहा वर्षांच्या पोरीइतकंच बोलता येतं. भूक लागली. पाय भाजला. मला पण दे. मोठ्या माणसाचं त्यात काहीच सांगता येत नाही.

जे मोठेपणी बोलले ते मराठीत बोलले. नागपुरात आई गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलास आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, ‘पाहुण्यासारखा आलास, आता पाहुण्यासारखाच जा.’ तू बॅग न उघडताच निघून गेलास. महिन्याभरानं वहिनीकडून कळलं की इकडे बर्फाच्या वादळात फ्लाइट्स बंद होत्या आणि तू दोन दिवस एअरपोर्टवर खुर्चीत बसून काढलेस. कळलं, तरी मी फोन केला नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग उशीर झाला म्हणून. बघता बघता सात वर्षं झाली.

गेल्या शनिवारी आजींनी विचारलं, ही बोली तू कुणाशी बोलायचीस? ‘सियाका’ आहे का तुला? सियाका म्हणजे थोरलं भावंड. शब्द लगेच कळला, त्यासाठी आठवावं लागलं नाही. आणि मी मान हलवून नाही म्हटलं. का म्हटलं, मला खरंच माहीत नाही.  आजींनी माझ्या हातावर हात ठेवला, दुसरा हात कसाबसा वर उचलला आणि डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. त्यांना वाटलं, तू या जगात नाहीस. गेलेल्या माणसासाठी मागतात तशी दुवा त्या तुझ्यासाठी मागत होत्या, आणि मी शेजारी बसून ती मागू दिली. दादा, माझं चुकलं. तेव्हाही आणि आताही. मी खोटं बोलले हे त्यांना सांगायला माझ्याकडे त्या बोलीतले शब्द नाहीत, आणि सांगून त्यांना पटेल असं वाटतही नाही. तू ये. शनिवारी दुपारी दोनला, पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. फक्त त्यांच्यासमोर येऊन उभा राहा.

तुझीच,
यामी